'मूनस्टोन' : समुद्रतीरावरील एका कौटुंबिक रहस्याची ऐतिहासिक भूमी

१. विषयप्रवेश

समुद्रकाठचे एकाकी खेडे, त्याच्या बाहेर उभे असलेले एखादे जुने घर, त्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या पोटात ठेवलेली एखादी गोष्ट, आणि ती उघडी पडू नये म्हणून माणसांनी स्वतःच्या मनाशी मांडलेला झगडा ही इंग्रजी मनोवैज्ञानिक रहस्यकथेची सर्वपरिचित चौकट आहे. डॅफ्नी द्यू मोरिए हिच्या 'रेबेका' (१९३८) या कादंबरीने ती विसाव्या शतकात घरोघरी पोहोचविली. ही चौकट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती मनुष्यस्वभावातूनच आपोआप निघाली असावी असा समज होतो. वस्तुतः तिला निश्चित काळ आहे, स्थळ आहे आणि कारणेही आहेत. विल्की कॉलिन्स (१८२४–१८८९) याची 'द मूनस्टोन' ही कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इअर राउंड' या साप्ताहिकातून ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. या चौकटीतील बहुतेक सर्व घटक एकत्र आलेले तीत प्रथम स्पष्टपणे दिसतात.

या कादंबरीचा विचार बहुधा गुन्हेशोधनाच्या कथेचा आद्य नमुना म्हणून केला जातो. टी. एस. एलियटने १९२७–२८ च्या सुमारास तिला इंग्रजीतील अशा कादंबऱ्यांत अग्रस्थान दिले, तेव्हापासून हे मत रूढ झाले आहे. हे मत चुकीचे नाही. पण अपुरे आहे. चोर कोण, हा 'मूनस्टोन'मधील प्रश्न ज्या रीतीने सुटतो ती रीत त्याआधीच्या कथावाङ्मयात सहसा आढळत नाही. पूर्वीच्या कादंबऱ्यांत रहस्य म्हणजे एकाने दुसऱ्यापासून लपविलेली गोष्ट असे. येथे ते माणसाच्या स्वतःपासूनच लपलेले आहे. शोध घेणारा आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तो एकच असून, त्याला त्याची जाणीव नाही. 'लपविलेले' रहस्य 'लपलेले' कसे झाले, हा वाङ्मयेतिहासाइतकाच सामाजिक इतिहासाचाही प्रश्न आहे. घराच्या उंबरठ्याशी आलेले पोलीस, मेंदूच्या अजाण व्यापाराविषयीचे नवे विचार, आणि साम्राज्याच्या लुटीचे विस्मरण या तीन गोष्टींच्या संगमातून हा बदल घडला, असे पुढील विवेचनात दाखवावयाचे आहे.

२. कथेची रूपरेषा

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या गोंधळात जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी टिपूच्या शस्त्रागारातील एक पिवळा हिरा तीन हिंदी रक्षकांचे प्राण घेऊन बळकावतो. घराण्यात त्याविषयी कुजबुज होते, पण कोणी बोलत नाही. पुढे मृत्युपत्रान्वये तो हिरा त्याच्या रेचेल व्हेरिंडर या भाचीला तिच्या अठराव्या वाढदिवशी, म्हणजे २१ जून १८४८ रोजी, मिळतो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील तिच्या आईच्या घरातून त्याच रात्री हिरा नाहीसा होतो. रेचेलचा मावसभाऊ आणि प्रियकर फ्रँकलिन ब्लेक हा शोधाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असतो. लंडनहून सार्जंट कफ हा नामांकित गुप्त पोलीस येतो. रेचेलच्या खोलीच्या दारावरील ओला रंग एका ठिकाणी पुसलेला असतो. रंग वाळण्यास लागणाऱ्या वेळाचा हिशेब करून कफ असा निष्कर्ष काढतो की, मध्यरात्रीनंतर ज्याच्या कपड्याला तो रंग लागला तोच चोर; म्हणून तो कपडा सापडला पाहिजे.

रेचेल मात्र तोंड उघडीत नाही. घरातील दुय्यम मोलकरीण रोझॅना स्पिअरमन ही पूर्वी तुरुंगवास भोगलेली, एका खांद्याने व्यंग असलेली मुलगी रुतणाऱ्या वाळूत जीव देते. वर्षभराने परदेशातून परतलेल्या ब्लेकच्या हाती तिचे पत्र पडते. त्यात सांगितल्याप्रमाणे तो वाळूत बुडविलेली पत्र्याची पेटी साखळीने वर ओढतो. तीत रंगाचा डाग पडलेला निजण्याचा झगा निघतो, आणि त्यावर नाव असते खुद्द त्याचेच. पुढे एझ्रा जेनिंग्ज हा वैद्याचा साहाय्यक उलगडा करतो. त्या रात्री डॉ. कँडीने जेवणाच्या वेळी झालेल्या वादाचा सूड म्हणून ब्लेकला नकळत अफूचा अर्क दिला होता. त्या अंमलाखाली हिरा सुरक्षित ठेवण्याच्या चिंतेने त्याने तो स्वतःच उचलला. आणि गॉडफ्रे एबलव्हाइट या परोपकारी म्हणून मिरविणाऱ्या नातेवाइकाने त्याच्या हातून तो घेऊन गिळंकृत केला. रेचेलने ब्लेकला हिरा उचलताना पाहिले होते. प्रेमामुळे तिने ते गिळून टाकले, आणि त्या मौनापायी ती आतल्या आत करपत राहिली.

एवढ्या सारांशावरूनही लक्षात येईल की, या घरात प्रत्येकाजवळ एकेक तुकडा आहे, आणि कोणाचा तुकडा प्रेमाने, कोणाचा लाजेने, कोणाचा लोभाने झाकलेला आहे. ज्याच्याजवळ मुख्य तुकडा आहे त्याला मात्र तो आपल्याजवळ आहे हेच ठाऊक नाही.

३. घराचा उंबरठा आणि पोलीस

लंडनच्या महानगर पोलीस दलाची स्थापना १८२९ ची. त्यात साध्या वेषातील गुप्त पोलिसांची लहानशी शाखा १८४२ मध्ये निघाली; आरंभी तीत अवघी आठ माणसे होती. रस्त्यावरील चोराला पकडण्यासाठी निर्माण झालेले हे दल सभ्य गृहस्थाच्या घरात शिरून त्याच्या मुलीबाळींच्या कपड्यांची यादी मागू शकते काय, हा प्रश्न इंग्लंडपुढे प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो १८६० मध्ये.

त्या वर्षी २९ जूनच्या रात्री विल्टशरमधील रोड या गावी सॅम्युएल केंट या कारखाना-निरीक्षकाच्या घरातून त्याचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा नाहीसा झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत घराच्या आवारातील शौचकूपात सापडले. दारे-खिडक्यांच्या स्थितीवरून गुन्हेगार घरातलाच असावा असे दिसत होते. स्थानिक पोलिसांना काही उमगेना, तेव्हा लंडनहून जोनाथन व्हिचर यास पाठविण्यात आले. परटाकडे जाणाऱ्या कपड्यांच्या हिशेबात घरातील सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्स केंटचा एक निजण्याचा झगा कमी भरतो, या एका दुव्यावर व्हिचरने आपला तर्क उभारला आणि तिला पकडले. पुराव्याअभावी ती सुटली. सामान्य कुळातील एका पोलिसाने कुलीन घरातील मुलीवर असा आरोप करावा, याचा लोकांना एवढा संताप आला की, व्हिचरची प्रतिष्ठा धुळीस मिळाली. १८६४ मध्ये तो निवृत्त झाला. एप्रिल १८६५ मध्ये, ब्रायटन येथील धर्मगुरू आर्थर वॅग्नर याच्या सहवासात राहिलेल्या कॉन्स्टन्सने गुन्हा कबूल केला. जुलैमध्ये तिला देहान्ताची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेत बदलण्यात आली आणि १८८५ मध्ये तिची सुटका झाली.

हरवलेला झगा, गोंधळलेला स्थानिक अधिकारी, लंडनहून आलेला चतुर पोलीस, संशयित कन्या आणि कुटुंबाने धरलेले मौन हे सारे 'मूनस्टोन'मध्ये आले आहे. परंतु कॉलिन्सने या सामग्रीची केलेली उलटापालट अधिक महत्त्वाची आहे. वास्तवात घरची मुलगी दोषी होती आणि पोलिसाचा तर्क बरोबर होता. कादंबरीत मुलगी निर्दोष आहे आणि कफ चुकतो. झग्याविषयीचे त्याचे अनुमान बिनचूक ठरते, पण रेचेलने गुप्त कर्ज फेडण्यासाठी स्वतःच हिरा लपविला हा निष्कर्ष साफ कोसळतो. वस्तूंवरून वस्तूंविषयी केलेले अनुमान खरे ठरावे, आणि मौनावरून मनाविषयी केलेले खोटे ठरावे, ही या उलटापालटीची खरी किंमत आहे. पोलिसाची पद्धत उंबरठ्याच्या आत जाते. मनाच्या आत जात नाही.

हा प्रश्न एका घरापुरता राहिला नाही, याला वृत्तपत्रांचा प्रसार कारणीभूत आहे. वृत्तपत्रांवरील मुद्रांककर १८५५ मध्ये आणि कागदावरील कर १८६१ मध्ये उठला. स्वस्त दैनिके गावोगाव पोहोचली. १८५७ च्या विवाहविषयक कायद्याने घटस्फोटाचे खटले दिवाणी न्यायालयात आणले, आणि त्यांचे वृत्तान्त रोज छापून येऊ लागले. ज्या मध्यमवर्गाने घराला पवित्र आणि खाजगी ठरविले, तोच दुसऱ्याच्या घरातील गोष्टी सकाळी वाचू लागला. १८६० नंतरच्या दशकात 'सनसनाटी कादंबरी' म्हणून हेटाळला गेलेला प्रकार याच विसंगतीवर पोसला. कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' (१८५९–६०), मिसेस हेन्री वुडची 'ईस्ट लिन' (१८६१) आणि मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची 'लेडी ऑडलीज सीक्रेट' (१८६२) या तिन्हींत भयाचे स्थान दूरच्या इटालियन किल्ल्यातून हलून शेजारच्या दिवाणखान्यात आले. तथापि त्या कादंबऱ्यांत रहस्य जपणाऱ्याला आपण काय जपतो याची पूर्ण कल्पना असे. 'मूनस्टोन' येथेच वेगळी पडते.

४. गाव आणि वाळू

कथेतील व्हेरिंडरांचे घर, कॉब्ज होल हे कोळ्यांचे खेडे आणि फ्रिझिंगहॉल हे गाव ही सर्व स्थळे कल्पित आहेत. किनारा मात्र यॉर्कशरचा आहे. १८६१ च्या उन्हाळ्यात कॉलिन्स त्या किनाऱ्यावरील व्हिटबी येथे काही काळ राहिला होता. समुद्रकाठाशी त्याचा संबंध त्याहूनही जुना. त्याचे वडील विल्यम कॉलिन्स (१७८८–१८४७) हे किनाऱ्याची आणि कोळ्यांच्या मुलांची चित्रे काढणारे नाणावलेले चित्रकार होते, आणि त्यांचे चरित्र हेच विल्कीचे पहिले प्रकाशित पुस्तक, १८४८ चे. वडिलांच्या चित्रांतील किनारा प्रसन्न आहे. मुलाच्या कादंबरीतील किनाऱ्यावर दोन खडकांच्या सुळक्यांमध्ये 'थरथरती वाळू' आहे. भरती-ओहोटीचे पाणी उलटते त्या वेळी तिच्या पृष्ठभागावर एक कंप उठतो, आणि तीत जे पडते ते पुन्हा दिसत नाही. कोळ्यांच्या होड्या त्या खाडीकडे फिरकत नाहीत.

या वाळूचा अर्थ केवळ वातावरणनिर्मितीपुरता नाही. वर शांत दिसणारा आणि खाली गिळणारा पृष्ठभाग हे अजाण मनाचे चित्र आहे, असे टीकाकारांनी वारंवार दाखविले आहे. परंतु वाळूपाशी पोहोचण्याचा मार्ग घरातून निघून गावातून जातो, याकडे तितके लक्ष गेलेले नाही. रोझॅना पत्र्याची जुनी पेटी आणि कुत्र्याच्या साखळ्या घेते त्या कॉब्ज होलमधील योलंड नावाच्या कोळ्याच्या घरून. आपले अखेरचे पत्र ती ठेवते ते त्याच घरातील लंगड्या लूसीजवळ. मोठ्या घरातील कोणाच्याही हाती ते पडू नये अशी तिची इच्छा आहे, आणि लूसी ते वर्षभर सांभाळते. म्हणजे मालकाच्या घराचे रहस्य गरिबाच्या झोपडीत ठेवलेले आहे. किल्ली गावाजवळ आहे, आणि घराला त्याचा पत्ता नाही.

लूसीच्या तोंडी कॉलिन्सने घातलेला उद्रेक या दृष्टीने वाचला पाहिजे. गरिबांनी श्रीमंतांविरुद्ध उठण्याचा दिवस फार दूर नाही, असे ती बोलून जाते. कथेतील साल १८४८ आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली, आणि १० एप्रिल रोजी लंडनच्या केनिंग्टन मैदानावर चार्टिस्टांची प्रचंड सभा भरली. कादंबरी प्रसिद्ध झाली १८६८ मध्ये, म्हणजे शहरी कामगारांतील पुष्कळांना मताधिकार देणारा १८६७ चा सुधारणा-कायदा झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत. वीस वर्षांपूर्वीचे साल निवडून कॉलिन्सने जुनी भीती वाचकांपुढे पुन्हा ठेवली. रोझॅनाच्या दुःखाचे मूळ हेच आहे की, ती ब्लेकच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला दिसत नाही. त्याचा गुन्हा लपवून ती त्याला वाचविते, आणि त्याला त्याचीही वार्ता नसते. घराचे हे दुसरे अज्ञान अफूने आलेले नाही. ते वर्गाने आलेले आहे.

५. स्वतःपासून लपलेले

ब्लेकच्या निर्दोषत्वाचा पुरावा जेनिंग्ज ज्या ग्रंथांच्या आधारे उभा करतो ते कल्पित नाहीत. कॉलिन्सने डॉ. विल्यम बेंजामिन कार्पेंटर (१८१३–१८८५) आणि डॉ. जॉन एलिअटसन (१७९१–१८६८) यांची नावे कथेतच घेतली आहेत. इंद्रियांवर उमटलेला प्रत्येक ठसा मेंदूत कोठेतरी टिकून राहतो, आणि जाणिवेच्या साहाय्यावाचूनही मेंदू आपले काम चालू ठेवतो, असा कार्पेंटरचा सिद्धान्त होता. त्याने त्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'मेंदूचा अजाण व्यापार' असा करता येईल. १८५३ च्या सुमारास तो त्याच्या शरीरविज्ञानाच्या ग्रंथात आला, आणि १८७४ च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ मेंटल फिजिऑलॉजी'त विस्तारला. एलिअटसनच्या ग्रंथातून जेनिंग्ज एका आयरिश हमालाचे उदाहरण घेतो. दारूच्या नशेत कोठेतरी ठेवलेले पुडके शुद्धीवर आल्यावर त्याला आठवेना; पुन्हा नशा चढताच ते आठवले. याच न्यायाने ब्लेकला पुन्हा अफू देऊन, घर पूर्वीसारखे सजवून, त्या रात्रीची पुनरावृत्ती घडवून आणावयाची, असा प्रयोग योजला जातो.

एलिअटसनचे नाव घेण्यात धाडस होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील हा मान्यवर प्राध्यापक मेस्मेरिझमच्या प्रयोगांपायी १८३८ मध्ये पदत्याग करून बाहेर पडला होता. पुढे त्याने 'झोइस्ट' (१८४३–१८५६) हे नियतकालिक चालविले. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेलने १८४५ पासून मेस्मेरिझमच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियांचे वृत्तान्त त्यात प्रसिद्ध होत. म्हणजे अजाण मनाविषयीचे हे नवे ज्ञान इंग्लंडात तयार होऊन हिंदुस्थानात आले एवढेच नाही, तर त्याचा पुरावा काही अंशी हिंदुस्थानातील रोग्यांच्या देहांवरून गोळा झाला होता. एलिअटसन २९ जुलै १८६८ रोजी वारला. त्या वेळी 'मूनस्टोन'चे अखेरचे हप्ते प्रसिद्ध होत होते.

अफूच्या अर्काच्या म्हणजे लॉडॅनमच्या बाबतीतही असाच कालयोग आहे. तोपर्यंत तो इंग्लंडमध्ये किराणा दुकानातही मिळे. खोकला, संधिवात, तान्ह्या मुलांचे रडणे, सर्वांवर तो उपाय होता. ३१ जुलै १८६८ रोजी संमत झालेल्या औषधविक्री-कायद्याने त्याची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित केली आणि त्यावर विषाची चिठ्ठी लावणे बंधनकारक केले. मात्र पेटंट औषधांना सूट राहिली. येथे एक गैरसमज टाळावयास हवा. इंग्रज घरांत वापरली जाणारी अफू मुख्यतः तुर्कस्तानातून येई. बंगालची आणि मुंबईहून रवाना होणारी माळव्याची अफू जाई ती चीनकडे. कादंबरीतील हिरा हिंदुस्थानातून आलेला आहे म्हणून अफूही तेथलीच, असे समीकरण मांडणे इतिहासास धरून होणार नाही.

कॉलिन्स स्वतः संधिवाताच्या वेदनांसाठी लॉडॅनम घेत असे. लेखन चालू असतानाच त्याची आई मार्च १८६८ मध्ये वारली, आणि तो स्वतः अंथरुणास खिळला होता. या काळात आपण पुष्कळसा भाग अफूच्या अंमलाखाली लेखनिकास सांगितला आणि नंतर तो आपणासच ओळखू आला नाही, असे तो उत्तरायुष्यात म्हणत असे, अशी आठवण सांगतात. ती मनोवेधक आहे. परंतु उपलब्ध हस्तलिखित बहुतांशी त्याच्याच अक्षरात आहे, त्यामुळे ती शब्दशः स्वीकारता येत नाही. तिचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. लेखकाला आपल्या ग्रंथाविषयी जी दंतकथा सांगावीशी वाटली, ती नायकाच्या अनुभवाशी तंतोतंत जुळते: मी केले, पण ते मला ठाऊक नव्हते.

जेनिंग्ज डॉ. कँडीचे रहस्य मिळवितो ती रीत इतिहासाच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तापाच्या भरात कँडीच्या तोंडून निघालेले तुटक शब्द तो लिहून घेतो, मधल्या जागा मोकळ्या सोडतो, आणि आधीच्या-पुढच्या शब्दांच्या संदर्भाने त्या भरतो. भरलेला भाग आपला आहे आणि शब्द रोग्याचे आहेत, हा भेद तो कागदावरच राखतो. संपूर्ण कादंबरीची रचनाही अशीच आहे. प्रत्येक निवेदकाने आपण प्रत्यक्ष पाहिले तेवढेच सांगावयाचे, नंतर कळलेल्या गोष्टी मागे न्यावयाच्या नाहीत, हा दंडक कॉलिन्सने घातला आहे. त्याने लिंकन्स इनमध्ये कायद्याचा अभ्यास केला होता आणि १८५१ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली होती. परंतु न्यायालयात आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण अधिकार इंग्लंडमध्ये १८९८ पर्यंत नव्हता. ब्लेकची साक्ष न्यायालयात झालीच नसती. कादंबरीने ती घेतली, आणि ती देताना आरोपीच गोंधळून गेला.

६. हिऱ्याचे मूळ

आतापर्यंतचा विचार १८४८ च्या एका रात्रीविषयी झाला. पण कादंबरीचा आरंभ त्या रात्री होत नाही. तो श्रीरंगपट्टणास होतो, आणि तोही एका 'कौटुंबिक कागदा'ने. हर्नकॅसलच्या हाती मशाल आणि रक्ताळलेला खंजीर त्याच्या चुलतभावाने पाहिला, परंतु प्रत्यक्ष वार पाहिला नाही. म्हणून त्याने तक्रार केली नाही, फक्त संबंध तोडला आणि कारण लिहून ठेवले. घराण्याचे पहिले मौन हे आहे. रेचेलचे मौन आणि ब्लेकचे विस्मरण त्यानंतरची.

श्रीरंगपट्टणची लूट ही ऐतिहासिक घटना आहे. शहर पडल्यानंतर सैन्याने अनिर्बंध लूट केली, आणि ती थांबविण्यासाठी आर्थर वेलस्लीला काही लुटारूंना फाशी द्यावे लागले. अधिकृत लुटीची वाटणी मात्र ठरलेल्या नियमांनी झाली. म्हणजे एकाच कृत्याला शिपायाच्या बाबतीत गुन्हा आणि सैन्याच्या बाबतीत हक्क म्हणत असत. हर्नकॅसल या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. १८४८ मध्ये त्याची भाची तो हिरा उरावर मिरविते, तेव्हा तो परत करावा असा विचार त्या घरात गांभीर्याने होत नाही. फार तर अॅम्स्टरडॅमला नेऊन त्याचे तुकडे करण्याची योजना निघते.

कालगणनाही अर्थपूर्ण आहे. मार्च १८४९ मध्ये लाहोरच्या तहाने कोहिनूर इंग्रजांकडे गेला. एप्रिल १८५० मध्ये तो मुंबईहून जहाजाने निघाला, आणि ३ जुलै १८५० रोजी व्हिक्टोरिया राणीला अर्पण झाला. कादंबरीच्या प्रस्तावनेत कॉलिन्सने कोहिनूरचा निर्देश केला आहे. त्याच्या कथेत नेमक्या त्याच काळात हिरा उलट दिशेने जातो. तीन ब्राह्मण तो परत मिळवितात, मुंबईस जाणाऱ्या जहाजात बसतात, वारा पडून जहाज काठेवाडच्या किनाऱ्याजवळ थांबले असता होडीतून निसटतात, आणि १८५० मध्ये सोमनाथ येथे हिरा पुन्हा मूर्तीच्या मस्तकी चढतो. इतिहासात जे घडले त्याचे हे जणू आरशातील प्रतिबिंब आहे.

सोमनाथाचे नाव त्या वेळच्या इंग्रज वाचकास अपरिचित नव्हते. १८४२ मध्ये गव्हर्नर-जनरल एलेनबरो याने गझनीहून तथाकथित सोमनाथाची दारे आणविली. त्यावर १८४३ मध्ये पार्लमेंटात मेकॉलेने कडाडून टीका केली, आणि पुढे ती दारे सोमनाथाची नव्हतीच असे ठरले. कॉलिन्सने हिंदुस्थानी मुलकी सेवेतील जॉन वायली या अधिकाऱ्याकडून पत्रद्वारा माहिती मिळविली होती. प्रभासच्या त्रिवेणीसारख्या तीन नद्या आणि दुसऱ्या बाजूस निद्रिस्त समुद्र हे त्याचे अखेरचे वर्णन स्थळाला बरेच धरून आहे. देवतेविषयी मात्र त्याची गफलत झाली. सोमनाथ म्हणजे सोमाचा नाथ, शिव. कॉलिन्सने चंद्रालाच तेथील चतुर्भुज देव केले. प्राचीन मंदिर तेव्हा भग्नावस्थेत होते. प्रत्यक्ष पूजा चाले ती अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधविलेल्या मंदिरात. परक्यांच्या लुटीनंतर देवस्थान पुन्हा उभे करण्याचे जे काम कादंबरीने तीन कल्पित ब्राह्मणांकडे दिले, त्याचा एक खराखुरा अध्याय मराठ्यांच्या इतिहासात आधीच लिहिला गेला होता.

कॉलिन्स साम्राज्याचा विरोधक होता काय? तसे म्हणणे घाईचे होईल. १८५७ च्या उठावानंतर डिकन्सबरोबर लिहिलेल्या 'द पेरिल्स ऑफ सर्टन इंग्लिश प्रिझनर्स' या नाताळकथेत त्याचा सहभाग होता. उलट, १८५८ च्या फेब्रुवारीत 'हाउसहोल्ड वर्ड्स'मध्ये आलेल्या 'अ सर्मन फॉर सिपॉइज' या लेखात त्याने शाहजहानच्या काळातील एक पौर्वात्य कथा सहानुभूतीने सांगितली. 'मूनस्टोन'मधील ब्राह्मण खून करतात आणि लेखक ते झाकत नाही. पण तो त्यांना शिक्षाही देत नाही. धर्मकार्यासाठी समुद्र ओलांडून आणि डोंबाऱ्याच्या वेषात वावरून ते जात गमावतात, आणि अखेर प्रायश्चित्त म्हणून तीन दिशांना वेगळे होतात. इंग्रज पात्रांपैकी एवढी किंमत कोणीच मोजीत नाही. शिवाय कादंबरीचा शेवट लेखकाने यॉर्कशरच्या विवाहसुखावर न करता काठेवाडच्या समुद्रकाठावर केला, हीदेखील एक भूमिकाच आहे.

७. उपसंहार

वरील तीन धागे एकत्र पाहिले असता 'मूनस्टोन'मधील रहस्याचे स्वरूप स्पष्ट होते. पोलिसाने घराचा दरवाजा उघडला, पण वस्तूंपलीकडे त्याची गती नव्हती. शरीरवैज्ञानिकांनी असे दाखविले की, माणूस प्रामाणिकपणे 'मला ठाऊक नाही' म्हणत असतानाही कृत्य त्याचेच असू शकते. आणि श्रीरंगपट्टणच्या कागदाने तोच प्रश्न व्यक्तीवरून घराण्याकडे, घराण्यावरून राष्ट्राकडे नेला. ब्लेक चोर आहे आणि निर्दोषही आहे. ही स्थिती त्याच्या एकट्याची राहत नाही. वारशाने आलेली लूट निर्मळ मनाने उपभोगणाऱ्या सर्वांची ती स्थिती आहे. कॉलिन्सने हे सूत्ररूपाने कोठेही सांगितलेले नाही. त्याची कथारचना मात्र प्रत्येक वळणावर तिकडेच बोट दाखविते.

यातून कादंबरी हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वापरावे, याविषयीही काही बोध होतो. घटनांचा पुरावा म्हणून 'मूनस्टोन' निरुपयोगी आहे. सोमनाथाच्या देवतेविषयी ती चुकते, आणि तिचे ब्राह्मण कल्पित आहेत. परंतु १८६८ मधील सुशिक्षित इंग्रज वाचकाला कोणत्या गोष्टी ठाऊक असूनही आठवत नव्हत्या, याचा तिच्याइतका बोलका पुरावा सरकारी दप्तरात मिळणे कठीण. दप्तरात जे लिहिले गेले ते सापडते; जे विसरले गेले ते विसरण्याची रीत अशा ग्रंथांत सापडते. समुद्रकाठच्या घराचे गुपित ही चौकट पुढील लेखकांनी उचलली तेव्हा वाळू, घर आणि मौन ही तिन्ही त्यांनी ठेवली. श्रीरंगपट्टणचा कागद मात्र बहुतेकांनी गाळला. तो गाळल्यावर जी उरते ती रहस्यकथा. तो जागेवर ठेवून वाचली, म्हणजे तीच कादंबरी इतिहासाच्या अभ्यासकाचा विषय होते.